रिळावरचे आकडे

अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९५०-६०च्या दशकांत बनवलेला एखादा ऑसिलोस्कोप उघडला, तर आतल्या बाजूला सोल्डर वायरचे एक छोटे वेटोळे गुंडाळून ठेवलेले सापडू शकते. ते कुणा कारागिराने विसरून ठेवलेले नसते. कंपनीनेच ते दुरुस्तीसाठी तिथे ठेवलेले असते. या यंत्रांत सुटे भाग सिरॅमिकच्या पट्ट्यांवर जोडलेले असत आणि पट्ट्यांच्या खाचांना चांदीचा पातळ थर दिलेला असे. वितळलेले कथील चांदी विरघळवून स्वतःत ओढून घेते. साध्या सोल्डरने पुन्हा पुन्हा दुरुस्ती केली, की खाचेतली चांदी निघून जाते आणि मग तिथे काहीच धरत नाही. त्यावर उपाय म्हणून कंपनी सुमारे ३ टक्के चांदी मिसळलेले सोल्डर सोबत देई. ज्या कथलात आधीच चांदी आहे, ते खाचेतल्या चांदीला फारसे हात लावत नाही.

नव्याने हातात सोल्डरिंग आयर्न घेणाऱ्याला इतक्या बारकाव्यात शिरावे लागत नाही. पण वायर निवडताना आपण कशावर टाका घालणार आहोत हे आधी पाहावे, ही त्या वेटोळ्यामागची दृष्टी त्याच्याही कामाची आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेला विद्यार्थी आयर्न किती वॅटचे घ्यायचे याची चौकशी दहा दुकानांत करतो आणि ‘सोबत थोडी वायरपण द्या’ म्हणून मिळेल ते रीळ पिशवीत टाकतो. घरी आल्यावर वायर वितळत नाही, वितळली तर गोळा होऊन बिटालाच, म्हणजे आयर्नच्या टोकालाच, चिकटून राहते, जोड मळकट दिसतो आणि हलवला की सुटतो. मग दोष हाताला दिला जातो. पुष्कळदा तो वायरचा असतो.

इलेक्ट्रॉनिक्समधले पारंपरिक सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे जवळपास ३२७ला. दोन्ही एकत्र केले की मात्र वितळणबिंदू दोघांच्याही खाली उतरतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे या प्रमाणाला तो सर्वांत खाली, १८३ अंशांवर येतो. रिळावर ‘६३/३७’ असे छापलेले असते ते हेच. शेजारीच ‘६०/४०’चे रीळ असते आणि ते बहुधा थोडे स्वस्त असते. तीन टक्क्यांनी काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे.

फरक थिजण्यात आहे. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांवर एकदम द्रवाचे घन होते. ६०/४० साधारण १९० अंशांवर थिजू लागते आणि १८३ला पुरते घट्ट होते. मधल्या काही अंशांत ते ना पातळ ना घट्ट, लापशीसारखे असते. नेमक्या त्या क्षणी हात हलला किंवा जोडायची तार सरकली, तर आत सूक्ष्म भेगा पडतात. दुरुस्ती करणारे ज्या बिघाडाला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, त्याचे हे एक कारण. सरावलेल्या हाताला ६०/४० अजिबात जड जात नाही. कित्येक रेडिओ आणि टीव्ही त्याच्यावरच उभे राहिले. पण शिकाऊ हात थरथरतो आणि त्याच्यासाठी हे काही अंश महत्त्वाचे ठरतात. म्हणून पहिले रीळ ६३/३७चे घ्यावे.

आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणेही बरे नाही. कथील शिशाच्या कित्येक पट महाग असते, त्यामुळे रिळावर ६०/४० छापून आत शिसे वाढवण्याचा मोह स्वस्त मालात असतो. कथील ४० टक्क्यांवर आले, तर मिश्रण पूर्ण पातळ व्हायला २३५ अंशांच्या वर जावे लागते. अशी वायर उशिरा वितळते, पसरण्याऐवजी ढेकूळ धरते आणि थंड झाल्यावर करडी, खरखरीत दिसते. पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. तांब्याच्या तारेचा तुकडा घासून स्वच्छ करावा, आयर्नने तापवावा आणि वायर बिटाला न लावता तारेला टेकवावी. चांगले सोल्डर क्षणात तारेवर पातळ पसरते आणि चकाकते.

हे पसरणे म्हणजे नुसते चिकटणे नव्हे. वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावते आणि दोघांच्या सीमेवर काही मायक्रॉन जाडीचा नवा संयुगाचा थर तयार होतो. जोड टिकतो तो या थरामुळे. अडचण एवढीच, की हवेतल्या तांब्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि त्यावर कथील बसत नाही. तो काढण्याचे काम फ्लक्सचे.

दारावर येणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तो भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उसळतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवतो. नवसागर तापला की त्यातून निघणारे आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकते, म्हणून कथील धरते. इलेक्ट्रॉनिक्सच्या वायरमध्ये हीच जबाबदारी राळेकडे, म्हणजे रोझिनकडे असते. पाइन वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरणारा हा पिवळट काचेसारखा पदार्थ वायरच्या पोटातल्या पोकळीत भरलेला असतो. तापल्यावर राळेतली आम्ले ऑक्साइड काढतात. थंड झाल्यावर ती पुन्हा घट्ट, निष्क्रिय होते आणि सर्किटला सहसा इजा करत नाही.

नवसागर किंवा झिंक क्लोराइड यांचे तसे नसते. भांडे नंतर धुतले जाते; सर्किट बोर्ड तसे खळखळून धुता येत नाही आणि मागे राहिलेला क्लोराइडचा अंश दमट हवेत तांब्याच्या बारीक रेषा खात राहतो. नळकाम आणि पत्र्याच्या कामासाठी जी ‘ॲसिड कोअर’ वायर किंवा ॲसिडयुक्त पेस्ट विकली जाते, ती म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्समध्ये वर्ज्य आहे. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत तर तिचा परिणाम लवकर दिसतो. रिळावर ‘रोझिन कोअर’ लिहिलेले असावे. जोडीला ‘आरएमए’ ही अक्षरे असली, तर राळ सौम्य सक्रिय आहे असे समजावे. ‘आरए’ म्हणजे अधिक तीव्र. ‘नो-क्लीन’ फ्लक्स फारसा अवशेष ठेवत नाही, पण जुन्या, काळवंडलेल्या जोडांवर त्याची ताकद कमी पडू शकते. जुन्या उपकरणांत फेरफार करण्याच्या, म्हणजे मॉडिफिकेशनच्या, कामात अशाच जोडांशी गाठ पडत असल्याने साधी राळ अधिक सोयीची. चिकट पिवळा डाग नकोसा वाटला, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो.

जाडीचा मुद्दा थोडक्यात संपतो. भारतात अनेक रिळांवर जाडी एसडब्ल्यूजी गेजमध्ये दिलेली असते आणि तिथे आकडा वाढला की तार बारीक होते: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. बोर्डाच्या छिद्रांत बसणाऱ्या नेहमीच्या आयसीच्या पिना एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर असतात. तिथे १.२ची वायर लावली, तर एका पिनेला पुरेल त्याहून जास्त धातू उतरतो आणि दोन पिना जोडल्या जातात. ०.७ ते ०.८ मिलिमीटर ही सर्वसाधारण कामाची जाडी. बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडायचे एसएमडी प्रकारचे बारीक भाग असतील, तर ०.५. स्पीकरच्या किंवा बॅटरीच्या जाड तारांना बारीक वायर जरा अधिक लांब लावली की भागते. उलटे मात्र जमत नाही.

आता शिशाकडे. युरोपीय संघाच्या ‘रोज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशानुसार १ जुलै २००६पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक ठेवण्यास बंदी आली. भारतानेही ई-कचरा नियमांत तीच मर्यादा घातली आणि ती १ मे २०१४पासून लागू झाली. कारण उघड होते: फेकलेल्या उपकरणांतले शिसे माती-पाण्यात आणि भंगार वेचणाऱ्यांच्या शरीरात जाते. त्यानंतर कारखान्यांमध्ये ‘एसएसी३०५’ नावाचा मिश्रधातू सर्रास वापरला जाऊ लागला. त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे असते. तो २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळतो. कथील-तांब्याचे स्वस्त मिश्रण २२७ला वितळते.

या बदलाच्या काळात एक गाजलेला प्रसंग घडला. २००५च्या अखेरीस आलेले मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० हे गेमिंग यंत्र पुढे मोठ्या संख्येने बंद पडू लागले आणि त्याच्या बटणाभोवती लाल दिव्यांचे कडे पेटू लागले. जुलै २००७मध्ये कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक तरतूद केली. घरगुती दुरुस्तीवाल्यांनी चिपखालच्या शिसेरहित सोल्डरला गुन्हेगार ठरवले. कुणी हीटगनने बोर्ड भाजला, कुणी यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवले, म्हणजे आतल्या उष्णतेने जोड पुन्हा वितळतील! काही यंत्रे थोडे दिवस चाललीही. २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने काढलेल्या माहितीपटात कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले, की वारंवार तापण्या-थंड होण्याच्या ताणाने सुट्या भागाच्या आतले जोड तुटत होते. बाहेरून सोल्डर कितीही भाजले, तरी त्यावर कायमचा इलाज नव्हता.

तेव्हा शिसेरहित सोल्डर मुळात वाईट आहे, ही समजूत बाजूला ठेवलेली बरी. शिकणाऱ्याला ते अवघड जाते, एवढे मात्र खरे. त्याला आयर्न ३५० अंशांच्या वर, ३७०-३८०पर्यंत लागू शकते. शिशाच्या सोल्डरचे ३२० ते ३५०मध्ये भागते. शिसेरहित सोल्डर कमी पसरते आणि बिट लवकर झिजवते. त्याचा चांगला जोडही किंचित निस्तेज दिसतो, त्यामुळे नवख्याला जोड नीट झाला की फसला हे कळत नाही. बोर्डावर जास्त वेळ उष्णता राहिली, तर तांब्याचे पॅड उचकटून निघते आणि एकदा निघालेले पॅड परत बसवणे कटकटीचे असते.

उपकरण कोणत्या काळातले आहे, हा प्रश्न म्हणून आधी विचारावा. १९८९मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयला पडद्यामागे दिवा नव्हता. त्यात दिव्याची पट्टी बसवणे हा आज जगभरच्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग आहे. तो शिशाच्या सोल्डरच्या जमान्यातला बोर्ड आहे, त्यावर ६३/३७ सहज मिसळते. २०१७च्या निन्टेन्डो स्विचसारख्या यंत्रातले जोड शिसेरहित असतात. तिथे जुना भाग काढताना जाणकार एक युक्ती करतात: जोडावर फ्लक्स लावून थोडे ६३/३७ वितळवतात. मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो, मग तांब्याच्या विणलेल्या पट्टीने किंवा डिसोल्डरिंग पंपाने सगळे शोषून घेतात आणि नवा भाग ताज्या सोल्डरने बसवतात.

बिस्मथयुक्त सोल्डर मात्र जपून वापरावे. कथील-बिस्मथचे मिश्रण १३८ अंशांवर वितळते, म्हणून नाजूक भाग काढायला ते उत्तम. पण त्यात शिसे मिसळले, तर ९६ अंशांच्या आसपास वितळणारा अंश तयार होऊ शकतो. असे मिश्रण जोडात राहिले, तर यंत्र तापल्यावर जोड आतूनच ढिला पडेल. काम झाल्यावर ते पूर्णपणे पुसून काढावे लागते.

शिशाची वायर घरात आणायची, तर भीती नेमकी कशाची बाळगायची हे ठाऊक हवे. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याचे प्रमाण नगण्य असते. धोका बोटांवरून तोंडात जाणाऱ्या शिशाचा. रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो. वायर दातात धरण्याची सवय आधी सोडावी, टेबलावर चहा-फराळ ठेवू नये, उठताना साबणाने हात धुवावेत. गर्भवती स्त्री किंवा रांगते मूल घरात असेल, तर ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम करूच नये. नाकात जाणारा धूर प्रामुख्याने राळेचा असतो आणि तोही निरुपद्रवी नाही. राळेच्या धुराने कामगारांना दमा होतो, हे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने नोंदवलेले आहे. शिसेरहित वायर घेतली, तरी हा धूर चुकत नाही. डोके जोडाच्या थेट वर न धरणे, खिडकी उघडी ठेवणे आणि एक छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा ठेवणे, इतके तरी करावे.

पहिल्या खरेदीची यादी लहानच आहे: ६३/३७, रोझिन कोअर, ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर, ओळखीच्या कंपनीचे ५० ग्रॅमचे रीळ. जोडीला फ्लक्सची एक डबी आणि डिसोल्डरिंगची पट्टी. पहिले जोड भंगारातल्या बोर्डावर घालावेत. मित्रांना किंवा बाहेर विकण्यासाठी वस्तू बनवायला लागले, की शिसेरहित वायर आणि तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन घ्यावे लागेल. दोन्ही प्रकारच्या वायरसाठी बिट आणि पुसण्याचा स्पंज वेगवेगळे ठेवावेत, नाहीतर शिसेरहित कामात शिसे शिरते. गळून पडलेले गोळे आणि वापरलेल्या पट्ट्या एका झाकणाच्या डबीत साठवून ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्याव्यात.