शंकू

बुएनोस आयरेसच्या सान तेल्मो भागात दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. २८ जानेवारी २०२४ च्या रविवारी तिथल्या एका टेबलावर मला दहा लाखांची नोट मिळाली. खरीखुरी, १९८१ साली निघालेली. त्यावर देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा सान मार्तिन आणि अक्षरांत ‘उन मिल्योन दे पेसोस’. कडा मऊ पडलेल्या, मधोमध घडीची रेघ. आजच्या पैशांत हिचं मोल किती, असं विचारल्यावर विक्रेत्याने कागदावर गणित मांडून दाखवलं. अशा एक लाख नोटा एकत्र केल्या की आजचा एक पेसो होतो.

उभ्या उभ्या मी ते पुन्हा करून पाहिलं. बरोबर होतं. सततच्या महागाईने आकडे आवरेनासे झाले की अर्जेंटिनाचं सरकार जुनं चलन मोडीत काढून नवं आणत आलं. १९७० साली दोन शून्यं पुसली, १९८३ साली चार, १९८५ साली तीन आणि १९९२ साली पुन्हा चार. एकूण तेरा.

लहानपणी तिन्हीसांजेला परवचा झाला की आजी आमच्याकडून एकं, दहं, शतं म्हणून घ्यायची. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू... कोटीच्या पुढचे शब्द नुसते तालासाठी असावेत, असं मला वाटायचं. १९७० च्या आधीचे किती पेसो दिले म्हणजे आजचा एक मिळेल? एकावर तेरा शून्यं, दहा लाख कोटी. म्हणजे बरोबर एक शंकू. आजीचा तो शब्द मोजण्यासाठी वापरायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली, आणि तीही भर बाजारात.

हे सगळं जुनं झालं असंही नाही. २०२३ या एका वर्षात तिथली महागाई २११ टक्क्यांनी वाढली होती. जानेवारीत शंभराला असलेली वस्तू डिसेंबरअखेर तीनशे अकराला. त्यातही एकट्या डिसेंबरची वाढ २५.५ टक्के! मी गेले तेव्हा सर्वांत मोठी नोट दोन हजारांची होती आणि शंभर डॉलर मोडले की लाखावर पेसो हातात पडत. हजार-हजारच्या नोटांची ती गड्डी पाकिटात मावेना, म्हणून रबर लावून पिशवीच्या तळाशी ठेवायची. खानावळीच्या मेन्यूवर किमतीच्या जागी कागदाचे तुकडे चिकटवलेले, एकावर एक. नखाने चाचपलं तर थर लागत. लोक बोलताना शून्यं गाळूनच टाकतात. हजाराला ‘लुका’, दहा लाखांना ‘पालो’, म्हणजे दांडका. भाजीवाला नुसतं ‘दोन लुका’ म्हणतो आणि व्यवहार होतो.

मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या बाईंना १९८९ चा जुलै आठवतो. त्या एका महिन्यात भाव जवळजवळ तिप्पट झाले होते. आईचा पगार झाला की त्या दोघी दुकानाकडे अक्षरशः धावत सुटायच्या, कारण संध्याकाळपर्यंत त्याच पैशांत तेवढं तेल आलं नसतं. हे सांगताना त्या माते करत होत्या. भोपळ्याच्या वाटीत येर्बाची पानं, त्यात धातूची नळी, वरून गरम पाणी. वाटी एक, नळीही एकच. एकाने प्यायली की परत द्यायची, त्या पुन्हा पाणी भरून पुढच्याला देणार. मी पहिल्याच घोटानंतर सवयीने ‘ग्रासियास’ म्हणाले आणि माझी पाळी बंद झाली. मातेच्या बैठकीत आभार मानणं म्हणजे ‘आता पुरे’.

देश तर केवढा! २७.८ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या नऊपट. माणसं मात्र साडेचार कोटींच्या आसपास, आणि त्यांतला जवळजवळ दर तिसरा राजधानीत नाही तर तिच्या उपनगरांत. बाकी मुलूख मोकळा. राजधानीतला ‘नऊ जुलै’ हा रस्ता १४० मीटर रुंद आहे. तो ओलांडायला मला दोन सिग्नल लागले, मधल्या झाडांखाली थांबावं लागलं. एवढा रस्ताही एकदा अपुरा पडला. २० डिसेंबर २०२२ ला विश्वचषक घेऊन संघ परतला, तेव्हा चाळीस लाखांवर लोक बाहेर पडल्याचा अंदाज होता. देशातल्या दर अकरा-बारा माणसांमागे एक! खेळाडूंची बस पुढे सरकेना, शेवटी त्यांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. खिशातल्या नोटेचा उद्याचा भरवसा नसताना इतकी माणसं एका दिवशी, एका आनंदासाठी घराबाहेर पडतात, हे मला सगळ्या शून्यांहून मोठं वाटतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी २९ तारीख होती. दर महिन्याच्या २९ ला तिथे घरोघरी न्योकी करतात. बटाटा आणि पिठाचे छोटे गोळे, इटलीहून आलेल्या आजी-आजोबांचं खाणं. महिनाअखेरीला परवडणारं. आणि ताटलीखाली एक नोट ठेवायची, पुढचा महिना बरकतीचा जावा म्हणून. मी माझी दहा लाखांची नोट काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती ओळखली. घडीवरून एकदा बोट फिरवलं, शेजारी आपल्याकडची हजाराची एक सरकवली आणि दोन्हींवर वाफाळती ताटली ठेवली.