भरीत, रोडगा आणि येळकोट

सकाळचे साडेदहा वाजलेत. गॅसच्या दोन्ही बर्नरवर वांगी तडतडताहेत आणि समोर भाऊजी चिमटा घेऊन उभे आहेत. एरवी सणाच्या दिवशी स्वयंपाकघराकडे न फिरकणारे हे गृहस्थ चंपाषष्ठीला आपणहून येतात. आज पुरण वाटायचं नाही, तळणीची कढई चढवायची नाही. जाळ आणि वांगं, संपलं.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला बसलेलं खंडोबाचं नवरात्र आज सहाव्या दिवशी उठणार. आषाढातल्या कांदेनवमीनंतर सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, कांदा, लसूण, वांगं यातलं काही तोंडात घातलेलं नाही. बाकीच्यांचा चातुर्मास कसा जातो ते विचारू नये. भाऊजींची मिसळ श्रावणातही चुकत नाही.

वांगी मात्र आईंनीच काल मंडईतून निवडून आणलीत. जळगावची, मोठी, फिकट हिरवी, अंगावर पांढुरक्या रेषा. या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि भाव सांगताना विक्रेते आता तेही ऐकवतात. देठ ताजा हवा, साल तुकतुकीत हवी आणि आकाराच्या मानानं वांगं हलकं लागायला हवं. जड निघालं तर आत बियाच जास्त, असा आईंचा हिशोब. आम्ही सात जण, म्हणून दीड किलो. जास्त वाटतं खरं, पण भाजून सोलल्यावर फार उरत नाही.

"फिरव रे, एकीकडेच करपतंय," आई देवघरातूनच सांगतात. वास तिथवर पोचलाय.

साल काळीठिक्कर पडते, भेगांतून रस बर्नरवर गळून चुर्र होतो. वांगी परातीत काढून भाऊजी वर ताट पालथं घालतात. दहा मिनिटांत वाफेनं साल सुटते. माझी भाची उत्साहानं एक वांगं नळाकडे नेते.

"अगं, नळाखाली नको! सगळा धूर वाहून जाईल. हात ओले कर आणि सोल."

सोलताना मधोमध उकलून कीड नाही ना, हे पाहायचं. मग आचेवर भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ खलबत्त्यात जाडसर ठेचून त्यात कालवायचं. वरून शेंगदाणे घातलेली जिरे-हिंगाची फोडणी, आणि शेवटी पातीचा कांदा कच्चाच. जाऊबाई टोमॅटोकडे हात नेतात. नको. भरीत आंबट आणि पाणचट होतं, आणि भाजल्याची चव बुडते.

रोडगे माझ्याकडे. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाणी घालून तळहाताच्या टाचेनं रगडून मळते आहे. रोडगा भाकरीपेक्षा लहान, पण चांगला दुप्पट जाड. गावाकडे तो निखाऱ्यावर भाजतात. इथे तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून, मग थेट जाळावर. घाई केली की मध्ये कच्चा राहतो.

नैवेद्याच्या ताटात भरीत, रोडगा, पातीचा कांदा आणि लोणी. इतर देवांच्या नैवेद्यात कांदा-लसूण वर्ज्य. मल्हारीला मात्र तेच चालतं. दिवटी पेटते. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा. पाच जण ताम्हणाला हात लावून तळी उचलतात. "येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळ्यांत मोठा आवाज अर्थात मिसळवाल्यांचा. सगळ्यांच्या कपाळाला हळद लागते, खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरतात. भाची एक रोडगा घेऊन जिना उतरते. खंडोबाच्या कुत्र्याचा मान आमच्याकडे सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्याला मिळतो, आणि तो बाजरी आवडीनं खातो.

पानं मांडली आहेत. आई पहिला घास घेतात, काही बोलत नाहीत, नुसतं पुन्हा भरिताकडे बोट दाखवतात. गोडाचं आज काही केलेलं नाही आणि कुणी विचारतही नाही. एक वाजायच्या आत ओटा धुऊन मोकळा. वर्षभरातल्या सगळ्या सणांत घरातल्या बाईला सगळ्यांबरोबर गरम जेवता येतं असा, माझ्या मते, हा एकच.

तुम्ही करणार असाल तर बाजरी त्याच आठवड्यात दळून आणा. पीठ जुनं झालं की कडू लागतं, आणि बोल मात्र वांग्याला लागतो.