दुर्कस मंडळ्या : सुईदोऱ्याने केलेली सेवा

गरजूंना कपडे पुरवण्याच्या ख्रिस्ती कार्याला एकोणिसाव्या शतकात जे संघटित रूप आले, त्याचे नाव आणि आदर्श हे दोन्ही नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातून आलेले आहेत. यापो (आजचे याफा) या बंदरगावातील टबीथा ऊर्फ दुर्कस ही शिष्या वारली, तेव्हा गावातील विधवा रडत रडत प्रेषित पेत्राभोवती जमल्या आणि तिने हयातीत केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. पेत्राच्या प्रार्थनेने ती पुन्हा उठली असे पुढे सांगितले आहे. परंतु सामान्य चर्चमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना तिचे अनुकरण शक्य वाटले ते त्या अंगरख्यांमुळेच. उघड्याला वस्त्र देणारा ते ख्रिस्तालाच देत असतो, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवणीचे ते मूर्त रूप होते.

‘दुर्कस मंडळी’ म्हणजे चर्चमधील स्त्रियांनी ठरावीक दिवशी एकत्र बसून गरिबांसाठी कपडे शिवण्याची संस्था. ब्रिटनमधील अशा मंडळ्या वर्गणीतून फ्लॅनेल आणि जाडेभरडे सुती कापड घेत. जाणत्या बाईने ते बेतून द्यायचे आणि इतरांनी शिवायचे, अशी कामाची वाटणी असे. याच काळात स्त्रियांच्या काही धर्मादाय संस्था बाळंतविड्याची पेटीही उसनी देत असत. आई आणि तान्हे बाळ यांना लागणारे कपडे तिच्यात असत आणि महिन्याभराने ते धुऊन परत करावे लागत. चार्ल्स डिकन्सने ‘स्केचेस बाय बॉझ’मध्ये अशा उसनवारी संस्थेची आणि तिच्या चालक स्त्रियांच्या आपसांतील चढाओढीची यथेच्छ थट्टा केली आहे. ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, कारण देणारीच्या मनातील पात्र-अपात्रतेची मोजपट्टी पुष्कळदा कापडाबरोबर घेणारीच्या घरात शिरत असे.

या दोषाला छेद देणारे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडते. त्या राज्यातील गुलामगिरी 1827 मध्ये संपुष्टात आली आणि पुढच्याच वर्षी तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘आफ्रिकन दुर्कस असोसिएशन’ स्थापन केली. आफ्रिकन फ्री स्कूल या शाळेत जाणारी अनेक मुले पुरेशा कपड्यांअभावी घरी राहत, म्हणून या स्त्रिया एकत्र जमून त्यांच्यासाठी कपडे शिवत आणि जुने दुरुस्त करीत. येथे देणारे आणि घेणारे एकाच समाजाचे होते, आणि सदऱ्याचा हेतू अंग झाकण्याइतकाच मुलाला वर्गात बसवण्याचा होता. दुर्कसच्या परंपरेतील हा प्रयोग सर्वांत विचारपूर्वक केलेला म्हणावा लागेल.

तयार कपडे स्वस्त झाले, तसतसा या सेवेचा कल नवे शिवण्याकडून जुने गोळा करण्याकडे वळला. बॉस्टनमधील मेथडिस्ट धर्मगुरू एडगर हेल्म्स यांनी 1902 मध्ये सुरू केलेल्या कामात, म्हणजे पुढच्या ‘गुडविल’ संस्थेत, सुखवस्तू घरांतून गोण्या भरून आणलेले कपडे दुरुस्त करण्यासाठी गरजूंनाच मजुरी देऊन नेमले जाई आणि ते माफक किमतीला विकले जात. किंमत मोजून घेतलेल्या कोटाचे ओझे वाटत नाही, ही यातील खरी जाण होती.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत ठळक रूप पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात दिसते. 1896-97 च्या आणि त्यानंतर 1900 च्या दुष्काळात तेथे आणलेल्या शेकडो स्त्रिया व मुलींना अन्नवस्त्र देऊन रमाबाई थांबल्या नाहीत; विणकामासह अनेक उद्योग त्यांनी तेथे उभे केले आणि वस्त्राची गरज असलेलीच्याच हाती माग दिला. दुर्कसच्या नावाची मंडळी तेथे असो वा नसो, तिच्या परंपरेचा इतिहास लिहिणाऱ्याने केडगावला त्यात मानाची जागा द्यायला हवी.