पाटीपेन्सिलीच्या आधी

मेळघाटातले सागवान ज्या परतवाड्यास लिलावासाठी उतरते आणि जेथल्या आरागिरण्यांभोवती ताज्या भुशाचा गंध सदैव रेंगाळत असतो, तेथील गृहस्थाने आपल्या दोन वर्षांच्या अपत्यासाठी प्लास्टिकच्या खेळण्यांचा सरंजाम विकत आणावा आणि गिरणीत पडून राहिलेल्या ठोकळ्यांकडे पाहूही नये, याचे मला वैषम्य वाटते. रंग-पॉलिश न लागलेले, मुठीत मावतील पण तोंडात जाणार नाहीत असे आठ-दहा कोरे तुकडे निवडून त्यांच्या कडा काचकागदाने गुळगुळीत केल्या, की मुलाच्या हाताला हव्या असलेल्या शिक्षणाची निम्मी तजवीज घरीच होते.

हे शिक्षण म्हणजे बोटांच्या सूक्ष्म हालचालींवरील प्रभुत्व. प्रथम खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची अग्रे, असा त्याचा निसर्गसिद्ध शिरस्ता आहे. नवव्या ते बाराव्या महिन्यात अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बारीक जिन्नस येऊ लागतो. दीड वर्षाच्या सुमारास तीन-चार ठोकळ्यांचा आणि दोन वर्षांच्या सुमारास सहा ठोकळ्यांचा मनोरा उभा राहतो. तिसऱ्या वर्षी मूल पाहून वर्तुळ काढू लागते. जन्मतः मनगटातील आठही अस्थी कूर्चारूप असतात आणि त्या पक्क्या होण्यास दशकभराची मुदत लागते, ही बाब ध्यानी घेतली, तर अडीच वर्षांच्या मुलापाशी बाराखडी गिरविण्याचा आग्रह धरणे हा त्या कोवळ्या हातावरील अन्यायच होय, असे मी निःसंकोच म्हणेन.

विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला आणि १९४५ साली बोर्डीस अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरींची साधने त्यांच्यासमोर होती. परंतु ती खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, खडे, पाने, बिया यांनाच त्यांनी साधनांचा दर्जा दिला.

वऱ्हाडात समुद्र नाही, पण हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा आहेत, अचलपूर-परतवाड्याच्या बागांतली संत्री आहेत आणि रोजची कणिक आहे. संत्र्याचे साल मोठ्यांनी एका ठिकाणी उचकटून द्यावे व पुढचे काम मुलावर सोपवावे: एका हाताने फळ धरायचे, दुसऱ्याने साल ओढायचे, आणि आतली फोड फुटणार नाही इतकाच जोर लावायचा, एवढे सूक्ष्म गणित शिकविणारे खेळणे मी तरी कोणत्याही दुकानात पाहिलेले नाही. कणकेचा गोळा दाबताना तळहातातील लहान स्नायू बळावतात. वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा उघडताना, पुढे पेन्सिल धरणारी तीच बोटे राबतात. ओला फडका पिळताना मनगट वळते. ओटा बरबटेल, वेळ जाईल; तरीही मुलाच्या हातातले काम हिसकावून न घेण्याचा संयम मोठ्यांनी राखलाच पाहिजे, कारण त्या हिसकावण्यातच खेळाचा सारा लाभ नाहीसा होतो.

एक ताकीद मात्र कडक आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी असे श्वासनलिकेत अडकू शकणारे जिन्नस एकट्याने खेळण्यास देऊ नयेत. तुरीच्या शेंगा सोलतानाही मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. रानातून आणलेल्या लाल-काळ्या गुंजा तर घरातच ठेवू नयेत, कारण त्यांचे बी चावले गेल्यास ते प्राणघातक विषारी ठरते.

प्रत्येक मुलाची गती निराळी असते, म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरू नये. परंतु वर्ष उलटून गेल्यावरही चिमटीत काही धरता येत नसेल, किंवा पहिल्या वर्षातच मूल एकच हात वापरून दुसरा सतत टाळीत असेल, तर विलंब न लावता त्यास बालरोगतज्ज्ञाकडे दाखवावे.