रोमन मुदपाकखाना आणि आपली कल्हई

स्टेशनच्या पूर्वेला आमचे तुळिंज आणि पूल उतरून पश्चिमेला गेले की सोपारे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात हे बंदर ‘सुप्पारा’ या नावाने येते. त्या काळी रोमन साम्राज्याचा आपल्या किनाऱ्याशी व्यापार चाले. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर तर 1940च्या दशकात रोमन काशाची भांडीच सापडली. ती माणसे घरी काय शिजवत, याचे मला फार कुतूहल.

सामान्य रोमन माणसाचे जेवण साधे. गहू-जवासारखे धान्य भरडून केलेली लापशी, कडधान्ये, कोबी, कांदा, ऑलिव्हचे तेल. कोळशाच्या शेगडीवर मातीचे नाहीतर काशाचे भांडे आणि वाटणाला खरबरीत खल. मासे मीठ घालून उन्हात मुरवत आणि त्याचे पाणी, म्हणजे ‘गारुम’, बहुतेक पदार्थांत घालत. वास कसा सुटत असेल, हे वसईकराला सांगायला नको! श्रीमंतांकडे हिंदुस्थानातून गेलेली मिरी सढळ हाताने पडे.

घात केला तो भांड्याने. त्यांच्या स्वयंपाकात साखर नव्हती. द्राक्षांचा रस आटवून काकवीसारखा पाक करीत आणि गोडाला तोही वापरीत. शेतीवर लिहिणारा कोलुमेला (पहिले शतक) सांगतो की रस शिशाच्या भांड्यात आटवावा, तांब्याच्या भांड्यात तो बिघडतो. म्हणजे आपल्या भाषेत कळकतो! पण आंबट रसात शिसे विरघळते आणि त्याचा क्षार चवीला गोड लागतो. खाणाऱ्याला शंकाही येत नाही. शिशाने रोमचे साम्राज्य बुडाले, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. विष पोटात जात होते, एवढे मात्र खरे.

आज पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात, म्हणून हे सांगणे. कल्हई शुद्ध कथिलाची हवी. स्वस्तात करायची म्हणून कथिलात शिसे मिसळले, तर ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. माहीतगार कल्हईवाल्याकडेच जा, कथील समोर वितळवायला सांगा आणि फारच कमी भाव सांगितला तर भांडे परत आणा. कोकम-चिंचेचे सार, टोमॅटोची आमटी स्टीलमध्येच करावी. मोडीच्या धातूतून ओतलेली, बिनशिक्क्याची अॅल्युमिनियमची स्वस्त पातेलीही टाळावीत. त्यांतही शिसे असू शकते.

शिशाने पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होते, रक्त कमी होते. लहान मुलांचे नुकसान अधिक, कारण त्यांच्या अंगात ते जास्त शोषले जाते आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेच प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही. मूल कारण नसताना फिकट, चिडचिडे झाले आणि वारंवार पोट दुखू लागले, तर डॉक्टरांना घरातल्या भांड्यांविषयीही जरूर सांगा. रक्तातले शिसे तपासता येते.