सदोष बियाणे आणि सदोष सॉफ्टवेअर : भरपाई कोणाकडे मागावी?

पेरलेले बियाणे सदोष निघाल्यास शेतकऱ्यास ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली दिला. संगणकाचे सॉफ्टवेअर सदोष निघाल्यास मात्र जबाबदारी इतकी स्पष्ट नाही. सहकारी संस्थांचे हिशेब आता संगणकावर येत असल्याने हा प्रश्न खेड्यापर्यंत पोचला आहे.

नवी मुंबईजवळील न्हावा शेवा बंदराचे उदाहरण बोधप्रद आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक-विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. विंडोजमधील एका दोषाचाही त्याने आधार घेतला. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. परंतु ती सर्वत्र बसविली गेली नव्हती. न्हावा शेवा येथील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले व कंटेनरांची ये-जा खोळंबली.

अशा वेळी दोष कोणाचा? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ विषाणू सोडणाऱ्यास भरपाईस जबाबदार धरते. पण तो बहुधा हाती लागत नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर सुरक्षेचे कर्तव्य टाकतो. कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाची रक्कम शासनाकडे जमा होते, नुकसान झालेल्यास मिळत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाची जबाबदारी सांगितली आहे. ‘उत्पादन’ या शब्दाच्या व्याख्येत मात्र सॉफ्टवेअरचा उल्लेख नाही. शिवाय परवान्याच्या अटींत निर्माता आपली जबाबदारी बहुधा मर्यादित करून घेतो. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात सॉफ्टवेअरला उत्पादन मानले असून, ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांसाठी तो आहे.

म्हणून संस्थांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. सॉफ्टवेअर घेताना दोष कोण, किती दिवसांत दुरुस्त करील व नुकसान कोण सोसील, हे करारात लिहून घ्यावे.

२. निर्मात्याने पाठविलेली दुरुस्ती विनाविलंब बसवावी. अन्यथा दोष संस्थेकडेच येईल.

३. हिशेबाची प्रत संगणकाबाहेर वेगळी ठेवावी.

४. खात्यातून परस्पर रक्कम गेल्यास त्याच दिवशी बँकेस लेखी कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी.

बियाण्याची पावती व पिशवी जपून ठेवण्याची सवय शेतकऱ्यास आहेच. सॉफ्टवेअरचा करार व परवानाही त्याच काळजीने जपावा, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी संस्थेच्या सभेत समजावून सांगावे.