तारेनं बांधलेला जबडा

हातात घेतली तर ती फार काही वाटत नाही. हातानं वाकेल इतकी मऊ, अरुंद धातूची पट्टी आणि तिच्या एका अंगाला ओळीनं बारीक आकडे. नाव आर्च बार. मेयो क्लिनिकमधल्या जॉन एरिक यांनी १९४० च्या दशकात ती रूढ केली. जबडा मोडलेल्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांना ती बाहेरून लावतात आणि एकेका दाताभोवती तार फिरवून पिळतात. तार पिळायची ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच. काही आठवड्यांनी सोडवणारा डॉक्टर दुसराच असला, तरी कुठे फिरवायचं ते त्याला विचारावं लागत नाही. मला या शिस्तीचं फार अप्रूप वाटतं.

मग वरच्या आकड्यांपासून खालच्या आकड्यांपर्यंत तार किंवा रबर ताणून तोंड बंद करतात. दात जसे पूर्वी बसत तसे बसले, की मोडलेलं हाडही जागेवर येतं. वर्षानुवर्षं चावून दाढांवर झिजेच्या चपट्या खुणा झालेल्या असतात. वरची खूण खालच्या खुणेवर बसते का, हे सर्जन बघतो. त्यासाठी तोंड पूर्ण मिटावं लागतं, म्हणून भुलीची नळी बहुधा नाकातून घालतात. आधी दात जुळवायचे, मग हाड. हा क्रम चुकला तर एक्स-रेत हाड सुरेख दिसतं आणि शुद्धीवर आलेला रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, दाताला दात लागत नाहीये.’ त्याचं ऐकावं. केसाएवढा फरकही जिभेला आणि दाढांना कळतो.

ही कल्पना जुनी आहे. इटलीतल्या सालिचेतोच्या गुल्येल्मो यांनी तेराव्या शतकातच खालचे दात वरच्या दातांना बांधायला सांगितलं होतं. पण निव्वळ बांधण्यावर भागवायचं, तर चार ते सहा आठवडे तोंड बंद. पेज, ताक, वरणाचं पाणी गालाच्या फटीतून ओढायचं, वजन उतरायचं, आणि उलटी झालीच तर तारा तोडता याव्यात म्हणून कात्री उशाशी. १९७० च्या दशकात स्ट्रासबूर्गच्या मॅक्सिम शांपी यांनी दाखवलं, की योग्य रेषेवर बसवलेली छोटी पातळ पट्टी जबडा पेलते, तीही तोंडाच्या आतूनच, चेहऱ्यावर चीर न देता. आज टायटॅनियमच्या पट्ट्यांमुळे बहुतेकांचं तोंड लवकर मोकळं होतं.

खरा पेच उशिरा येणाऱ्यांचा. दुचाकीवरून पडलेला माणूस सूज उतरायची वाट बघतो, डोक्याच्या दुखापतीपुढे जबडा मागे पडतो आणि हाड वाकडं जुळून जातं. फरक थोडा असेल तर दाढ किंचित घासून, टोपी बसवून किंवा दातांना तारा लावून भागतं. मोठा असेल तर जुळलेलं हाड पुन्हा कापावं लागतं. त्याआधी दातांचे साचे घेतात, साचा कापून योग्य चाव्यात, म्हणजे दाताला दात नीट लागेल असा, जोडतात आणि त्या चाव्याची प्लॅस्टिकची चकती बनवतात. ऑपरेशनमध्ये कापलेला जबडा त्या चकतीत बसवला, की मगच स्क्रू. हल्ली हे आखणीचं काम संगणकावर होतं. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून सरकवण्याची रीत सर्जन ओब्वेगेसर यांनी १९५० च्या दशकात रुळवली. त्यात ओठाच्या संवेदनेची नस जवळ असते, म्हणून खालचा ओठ काही काळ, कधी कायमचा, बधिर राहू शकतो. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.

मुलांचं गणित वेगळं. हनुवटीवर पडलेल्या मुलाचा जबडा कानापुढच्या सांध्यापाशी मोडू शकतो. हनुवटीला टाके पडतात आणि सांध्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. असा सांधा फार दिवस बांधून ठेवला तर तो जाम होण्याची भीती. म्हणून गरज पडलीच तर थोडेच दिवस बांधायचं आणि लगेच हालचाल सुरू करायची. लाकडी चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायची, दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. मुलाची स्वतःची तीन बोटं उभी मावेपर्यंत.